दुःखाच्या हाताला काम



आजचा विषय मी जवळजवळ वर्षभर टाळला. झोप, पेन्शनचे कागद, गुडघ्यांचे व्यायाम, मोठ्या झालेल्या मुलांशी जमवून घेणं, या सगळ्यावर मी तुमच्याशी बोललो. पण घरातलं माणूस गेल्यावर जे दुःख होतं त्यावर बोलायचं म्हटलं की जीभ जड व्हायची. शेवटी लक्षात आलं, की आजच्या विषयाची सुरुवात हीच आहे. ज्याला आपलं दुःख बोलता येत नाही, त्यानं काय करायचं?

आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो. "रडून घ्या, मोकळे व्हा." "कुणाशी तरी बोला." सल्ला वाईट नाही. ज्यांना बोलता येतं त्यांनी जरूर बोलावं. पण काहींना ते जमतच नाही. त्यात माझ्यासारखे फौजी आले, कष्टकरी माणसं आली, आयुष्यभर घर सांभाळलेल्या बायका आल्या, लहान मुलं आली. गप्प असतात म्हणून त्यांचं दुःख कमी असतं असं नाही. ते तोंडापर्यंत येत नाही, एवढंच. हातापर्यंत मात्र येतं. आज त्या हातांबद्दल बोलू.

एक वाकळ

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्या पलटणीतला एक जवान सीमेवर गेला. त्याला घरी घेऊन जायची जबाबदारी माझ्यावर होती. बरोबर आमचे सुभेदार साहेब आणि चार जवान. सातारा जिल्ह्यातलं लहानसं गाव. सगळं रीतीप्रमाणे झालं. सलामी झाली, बिगुल वाजला, वडिलांच्या हातात घडी केलेला तिरंगा दिला. आई मात्र रडली नाही. कुणाशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निरोप घ्यायला गेलो, तर ती ओट्यावर बसून वाकळ शिवत होती. जुन्या लुगड्यांचे थर, मध्ये मुलाच्या शाळेच्या शर्टाचे तुकडे. दिवाळीला तो सुट्टीवर येणार होता, त्याच्यासाठीच ती शिवायला घेतली होती. शेजारची एक बाई तिच्या हातातून सुई काढून घेत म्हणाली, "अगं, आता कुणासाठी?"

मलाही तेच वाटलं. मी सुभेदार साहेबांना हळूच म्हणालो, "यांना रडायला हवं. सांगा कुणाला तरी."

ते म्हणाले, "साहेब, काढून घेऊ नका त्यांच्या हातातून. रडणंच चाललंय ते."

मग ते त्या माउलीच्या शेजारी जाऊन बसले. तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. त्यांनी दोरा ओवून दिला. तो संपला की दुसरा ओवून दिला. आमची जीप तासभर उभी राहिली. त्या तासात दोघांत एक शब्द झाला नाही.

सहा वर्षांनी सुट्टीवर असताना मी वाट वाकडी करून त्या गावी गेलो. थंडीचे दिवस होते, रात्री तिथंच राहिलो. झोपताना त्या आईनं माझ्या अंगावर ती वाकळ घातली. पूर्ण झालेली. तिनं काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. सुभेदार साहेबांना त्या दिवशी काय कळलं होतं, ते मला कळायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली.

फौजेतली रीत

खरं तर ते मला आधीच कळायला हवं होतं, कारण आम्ही ज्या नोकरीत होतो तिथं शोक व्यक्त करायची रीतच मुळात शब्दांशिवायची आहे. लष्करी अंत्यसंस्कारात लांबलचक भाषण नसतं. 'शोक शस्त्र' अशी आज्ञा होते. जी रायफल एरवी कधी खाली झुकत नाही, तिची नळी जमिनीकडे वळते आणि जवानाची मान खाली जाते. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतं. मग मौन. मग पुन्हा बिगुल, या वेळी उठवणारा.

जरा विचार करा. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे. काल ज्याच्या ताटात जेवला तो मित्र आज नाही. "तुझ्या भावना सांग" म्हटलं तर तो काय सांगणार? फौज त्याला सांगायला लावतच नाही. त्याच्या हाताला एक हालचाल देते आणि कानाला एक सूर देते. दुःख कुठून सुरू करायचं आणि आजच्यापुरतं कुठं थांबवायचं, एवढं त्याला कळतं.

बेल्जियममधल्या ईपर या गावी मेनिन गेट नावाचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात तिथं मारल्या गेलेल्या आणि ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत. त्यात आपले हिंदी सैनिकही आहेत. तिथं १९२८ पासून रोज संध्याकाळी आठ वाजता 'लास्ट पोस्ट' वाजतं. दुसऱ्या महायुद्धात गाव जर्मनांच्या ताब्यात होतं, तेवढा खंड सोडला तर आजतागायत. त्या सैनिकांना ओळखणारं कुणीही आता हयात नाही. तरी बिगुल वाजतो आणि लोक येऊन उभे राहतात.

आपल्याकडेही हे नवं नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावी, देवळाच्या आवारात किंवा वेशीबाहेर वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताना, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं. गावानं आपला माणूस गमावला, आणि पाथरवटाच्या छिन्नीनं ते सांगितलं. वाचता न येणाऱ्यालाही ते कळत होतं.

अठरा वर्षं चाललेलं काम

मेनिन गेटपासून फार दूर नाही असं व्लाड्स्लो नावाचं एक गाव आहे. तिथं जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. आपण लढलो त्याच्या पलीकडच्या बाजूची माणसं. तिथं दगडात घडवलेले दोन पुतळे गुडघे टेकून बसलेले आहेत, एक बाप आणि एक आई. ते घडवणाऱ्या शिल्पकार बाईंचं नाव केटे कोलविट्स.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा होता. सैन्यात जायला त्याला वडिलांची परवानगी हवी होती. वडील तयार नव्हते. आईनं मुलाची बाजू घेतली, नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबर महिन्यात पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

आता या बाईंनी कुणाला काय सांगायचं? मुलगा गेला याचं दुःख तर होतंच, पण त्याखाली दुसरी एक गोष्ट होती जी उच्चारणंही अवघड: मीच त्याला जाऊ दिलं. त्यांनी त्याच वर्षी पेटरच्या स्मारकाचा विचार सुरू केला. आधी आराखडा असा होता, की मुलगा आडवा पडलेला आहे आणि आईवडील त्याच्या उशापायथ्याशी आहेत. काही वर्षं त्यावर काम केलं आणि सोडून दिलं. पुढं पुन्हा हातात घेतलं. शेवटी मुलगा त्या शिल्पातून निघूनच गेला. उरले फक्त आईवडील. १९३२ मध्ये, म्हणजे मुलगा गेल्यावर तब्बल अठरा वर्षांनी, ते पुतळे दफनभूमीत उभे राहिले. पुढं दफनभूमीच हलवली गेली तेव्हा पुतळेही व्लाड्स्लोला आले.

हे पुतळे एका दगडातले नाहीत. दोन वेगळ्या चौथऱ्यांवर आहेत, मध्ये अंतर आहे. बापानं दोन्ही हात स्वतःच्या छातीशी घट्ट आवळून धरलेत, नजर समोर. आई पुढं वाकलेली. एकाच मुलाचे आईवडील, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखात एकटा. ज्या घरात मूल गेलं आहे त्या घरातल्या नवराबायकोंना हे अंतर माहीत असतं. कोलविट्सबाईंनी ते दगडात दाखवलं. दोन्ही पुतळ्यांना चेहरे दिले ते नवऱ्याचा आणि स्वतःचा.

माझं म्हणणं असं नाही, की तुम्ही आम्ही पुतळे घडवावेत. त्या थोर कलावंत होत्या. पण दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, त्यांना हे काम लगेच जमलं नाही. सोडलं, पुन्हा धरलं. दोन, काय घडवायचं आहे हे त्यांना सुरुवातीला माहीत नव्हतं. हात चालत राहिले तेव्हा ते सापडलं.

माझे चौदा नकाशे

आता माझी गोष्ट. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये माझी पत्नी कर्करोगानं गेली. चौतीस वर्षांचा संसार. माझी सासुरवाडी इंदूरची, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही महूला घर केलं होतं.

ती गेल्यावर मी काय केलं? सगळं व्यवस्थित केलं. माणसांच्या याद्या केल्या, तेराव्याचा बंदोबस्त केला, बँकेचे फॉर्म भरले, भेटायला येणाऱ्यांना चहा दिला. डोळ्यांतून पाणी आलं नाही. मुलगी बंगळूरूहून आली होती. परत जायच्या आदल्या रात्री ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच काही वाटत नाही का?"

मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर येत नव्हतं. त्यानंतर आमचे फोन आठवड्यावरून महिन्यावर गेले.

चार महिन्यांनी एक कागद शोधताना माझ्या पोस्टिंगच्या ऑर्डरींची फाइल हाती आली. सहज मोजलं. आम्ही दोघं चौदा घरांत राहिलो होतो. पहिलं बबिनाचं, १९८४ सालचं. मी टेबलापाशी बसलो, आलेख कागद घेतला आणि त्या घराचा नकाशा काढायला लागलो. का, ते सांगता येणार नाही. फौजी माणसाला जमीन समजून घ्यायची तर नकाशा काढतो, एवढंच. प्रमाण धरलं, एक इंचाला चार फूट. उत्तर दिशा दाखवली. आपली जागा निळ्या पेन्सिलीनं, तशी तिची जागा निळी. दोन काळ्या ट्रंका जोडून, वर गादी टाकून केलेला दिवाण. अंगणातला हातपंप. तुळशीचा डालड्याचा डबा.

पहिल्या घराला तीन संध्याकाळी लागल्या. मग दुसरं घेतलं. जोधपूर, फिरोजपूर, सिकंदराबाद, बेळगाव. पाचव्या-सहाव्या घरापाशी मला एक गोष्ट दिसली, आणि पेन्सिल थांबली. एकाही नकाशात स्वयंपाकघर भरलेलं नव्हतं. चार भिंती होत्या, आत कोरा कागद. कारण आत काय कुठं होतं हे मला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणजे मी कधी पाहिलंच नव्हतं.

नकाशावाचनात 'डेड ग्राउंड' असा शब्द आहे. आपण जिथं उभे आहोत तिथून न दिसणारा जमिनीचा भाग. चढाच्या मागचा, खोलगटातला. माझ्या संसाराच्या नकाशात तिचं स्वयंपाकघर हे माझं डेड ग्राउंड होतं. ती दिवसातले कितीतरी तास जिथं उभी राहिली ती जागा मला दिसतच नव्हती. त्या रात्री मी रडलो. ती गेल्याबद्दल रडलो, तसंच ती असताना मी न पाहिल्याबद्दलही रडलो. हे दुसरं दुःख माझ्या आत आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते कागदावरच्या कोऱ्या चौकोनानं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी जोधपूरच्या घराच्या नकाशाचा फोटो मी मुलीला पाठवला. खाली एकच ओळ लिहिली: "स्वयंपाकघर तू भर." तासाभरानं तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, झोपाळा चुकीच्या बाजूला काढलाय. आणि डाळीच्या डब्याच्या मागे आई गोळ्या लपवायची, तो डबा खिडकीखाली होता. तिथून रस्ता दिसायचा. तुमची जीप दिसेपर्यंत ती पोळ्या लाटायला घ्यायची नाही."

आम्ही दीड तास बोललो. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला कधीच शब्दांत दिलं नाही. नंतर लागलीच नाही त्याची गरज. चौदाही स्वयंपाकघरं तिनं भरली. जी तिच्या जन्माआधीची होती, ती तिनं मावशीला विचारून भरली.

हात नेमकं काय करतात?

नंतर मी याबद्दल वाचलं, जाणकारांशी बोललो. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिलं, दुःख शरीरात असतं. १९४२ मध्ये अमेरिकेत बोस्टन शहरातल्या एका नाइट क्लबला भीषण आग लागली. त्यात आपली माणसं गमावलेल्यांना तपासून एरिक लिंडमन या डॉक्टरांनी १९४४ मध्ये लिहिलं, की दुःख लाटांसारखं येतं. घसा आवळतो, श्वास अडतो, पोटात पोकळी वाटते, हातापायांतला जोर जातो. एक लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. जे शरीरात आहे ते हलवायला शरीराचीच मदत होते. टाके घालणं, कणीक मळणं, माती खणणं, टाळ वाजवणं यांत एक लय असते. लयीत हात चालले की श्वासही लयीत येतो.

दुसरं, कामाला माप असतं. दुःखाला माप नसतं, म्हणून ते झेपत नाही. अमेरिकेत एड्सनं माणसं जात होती तेव्हा घरचेही आजाराचं नाव घ्यायला कचरत. उघडपणे रडायचीही चोरी होती. तेव्हा लोकांनी गेलेल्या प्रत्येकासाठी कापडाचा एक तुकडा शिवायला घेतला. तीन फूट रुंद, सहा फूट लांब, साधारण थडग्याएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर असे १,९२० तुकडे जोडून पसरले गेले. तीन बाय सहा फूट, एवढं माप एका माणसाला हातात धरता येतं. आमच्या साताऱ्याच्या आईला ते वाकळीच्या मापात मिळालं.

तिसरं, काम आपल्याला दुःखात नेतं आणि बाहेरही आणतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँडमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं, की दुःखातून सावरणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत, कधी पुढच्या जगण्याच्या कामात. ही ये-जा निरोगी आहे. आम्हा फौजींना हे पटकन समजतं. संत्रीला कुणी चोवीस तास पहाऱ्यावर उभं करत नाही. दोन तास पहारा, मग बदली. नकाशा काढायचा तासभर हा माझा पहारा होता. पेन्सिल खाली ठेवली की बदली व्हायची.

चौथं, कामामुळे सोबत सोपी होते. दोन माणसं समोरासमोर बसली की बोलावं लागतं. दोघं एका वस्तूकडे पाहत शेजारी बसली की बोललं तरी चालतं, नाही बोललं तरी चालतं.

आणि पाचवं. पूर्वी असं मानत, की गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढं जाणं म्हणजे सावरणं. १९९६ च्या सुमारास अभ्यासकांनी याच्या उलट मांडायला सुरुवात केली. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. आईच्या साडीची गोधडी अंगावर घेणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात कशी करायची

हाताला आधीच येतं ते काम निवडा. दुःखात नवं कौशल्य शिकायचा ताण नको. शिवण येत असेल तर शिवण, सुतारकाम येत असेल तर सुतारकाम. गेलेल्या माणसाच्या हातचा एखादा पदार्थ करून पाहणं हेही हेच काम आहे. बाग असेल तर त्याच्या नावानं एक झाड लावा आणि रोज पाणी तुम्हीच घाला. पेटी, तबला, बासरी घरात पडून असेल तर काढा. सूर चुकला तरी चालतो.

वेळ ठरवा. अर्धा तास, जास्तीत जास्त तास. त्यानंतर उठा, हात धुवा, चालून या.

कुणाला दाखवायची सक्ती करून घेऊ नका. माझे नकाशे मी या मालिकेत कधी दाखवले नाहीत, या पुस्तकातही छापलेले नाहीत. ते चांगले आहेत की वाईट हा प्रश्नच नाही. अर्धवट राहिलं तरी राहू द्या.

घरातल्या इतरांसाठी एक विनंती. दुःखातला माणूस काही करत बसला असेल तर "छान झालंय" म्हणू नका आणि "आता याचा काय उपयोग" असंही म्हणू नका. सुभेदार साहेबांसारखा दोरा ओवून द्या. कागद आणून द्या, शेजारी बसा. पुरे.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. आजोबा गेल्यावर नातू दोन दिवसांनी बाहुलीची अंत्ययात्रा काढून खेळतो आणि मोठी माणसं त्याला रागावतात. रागावू नका. ते त्याचं समजून घेणं आहे. रंग द्या, माती द्या. त्यानं काढलेल्या चित्राचा अर्थ तुम्ही लावू नका. "मला याच्याबद्दल सांगशील?" एवढंच विचारा, आणि नाही म्हणाला तर सोडून द्या.

आणखी एक गोष्ट जपून सांगतो. आपल्या अनेक घरांत माणूस गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत, दारात रांगोळी काढत नाहीत. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते जरूर पाळावं. पण ज्या सुनेचा हात तीस वर्षं रोज सकाळी रांगोळीवर फिरला, तिचा तो हात नेमका दुःखाच्या दिवसांत आपण रिकामा करतो, हेही लक्षात घ्या. दिवसकार्यात पुरुषांच्या हाताला पिंड, तीळ, पाणी असं काही ना काही काम असतं. बायकांच्या वाट्याला बऱ्याचदा बसून राहणं येतं. दारात नको तर आत, पाटावर, वहीत तिला ठिपके मांडू द्या.

काम आणि पळ

एक इशारा देतो. हाताला काम देणं आणि कामात तोंड लपवणं यात फरक आहे. पहिले चार महिने मीही कामातच होतो. फॉर्म भरत होतो, याद्या करत होतो. ते पळणं होतं. फरक कसा ओळखायचा? काम संपल्यावर स्वतःला विचारा, गेलेलं माणूस थोडं जवळ आलं की आणखी दूर गेलं? बँकेच्या फॉर्मनंतर ती दूर जायची. नकाशानंतर जवळ यायची, मग त्या जवळ येण्यानं त्रास झाला तरी.

आणि प्रत्येक दुःख केवळ हातकामानं सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता लांबलेल्या शोकाचा समावेश आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आपल्या समाजाच्या रीतीहून फारच जास्त, दुःखाची तीव्रता तशीच असेल आणि रोजचं जगणं ठप्प झालं असेल, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. जीव नकोसा वाटत असेल तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. मराठीतही बोलता येतं. फौजी बांधवांना मुद्दाम सांगतो, जखमेवर पट्टी बांधून घेण्यात कमीपणा नसतो, तसाच यातही नाही.

या आठवड्यासाठी

ज्यांचं माणूस गेलं आहे, नुकतं किंवा वीस वर्षांपूर्वी, त्यांनी एक कोरा कागद घ्यावा. त्या माणसाबरोबर तुम्ही ज्या घरात राहिलात त्याचा नकाशा काढावा. चित्रकला यायची गरज नाही, चौकोन काढता आला की झालं. दार कुठं, खिडकी कुठं, ते माणूस कुठं बसायचं. एखादा कोपरा कोरा राहील. घाबरू नका, तो खोडूही नका. तो कुणाला ठाऊक असेल याचा विचार करा, आणि त्या माणसाला फोन लावा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.